फुलीसाहेबांची पहिली पिशवी

माझ्या ताईच्या नवऱ्याने एकतीस वर्षं वॉशबेसिनं नापास केली. हे मी टोमणा म्हणून सांगत नाही, त्यांचं कामच ते होतं. चिनी मातीच्या भांड्यांच्या कारखान्यात भट्टीतून निघालेलं प्रत्येक बेसिन त्यांच्यासमोरून जायचं. लाकडी हातोडीने ते त्याला हलकेच ठोकायचे आणि मान तिरकी करून ऐकायचे. आवाज खणखणीत आला तर भांडं पुढे. बद्द आला, किंवा चकाकीत टाचणीच्या टोकाएवढं भोक दिसलं, की खिशातून लाल मेणखडू निघायचा आणि भांड्यावर फुली पडायची. फुली पडलेलं भांडं त्याच दिवशी फोडायचं, नाहीतर ते मागच्या दाराने कुणाच्या तरी घरी जाऊन बसतं, असा नियम होता. फोडायचं काम दुसऱ्या माणसाचं, पण भाऊजी शेजारी उभे राहून ते फुटताना बघायचे. कारखान्यात त्यांचं खरं नाव फक्त पगारपत्रकात उरलं होतं. बाकी सगळे त्यांना फुलीसाहेब म्हणायचे.

आणि पास झालेल्या भांड्यावर काय खूण करायची? काही नाही. भाऊजींचं ठरलेलं वाक्य होतं, "चांगल्या मालावर काही लिहायचं नसतं." तो माल गुपचूप लोकांच्या न्हाणीघरात जाऊन बसायचा आणि आपण चांगले आहोत हे त्याला जन्मभर कळायचं नाही.

मी ताईचा धाकटा भाऊ, दुकानांच्या पाट्या रंगवतो. राहतो त्यांच्याच खालच्या मजल्यावर, म्हणजे भाऊजींच्या पायाखाली, आणि तेही तसंच समजतात. माझ्या दारावरच्या पाटीत तिसरं अक्षर किंचित डावीकडे झुकलंय. ते झुकलंय हे मला भाऊजींच्या फुलीमुळे कळलं. ती फुली मी पुसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा होती.

भाऊजी निवृत्त झाले तेव्हा कारखान्याने त्यांना घड्याळ दिलं. मेणखडू त्यांनी स्वतःच आणला, एक अख्खं खोकं. मग घराची तपासणी सुरू झाली. खिडकीच्या काचेत बुडबुडा आहे, फुली. डब्याचं झाकण सैल बसतं, फुली. खुर्चीचा पाय डुगडुगतो, फुली. ताई मागून ओलं फडकं घेऊन फिरायची. "काय करणार," ती मला म्हणायची, "हाताला सवय आहे, जाईल हळूहळू." वर्ष झालं, गेली नाही. मग कपाची गोष्ट झाली.

ताईचा एक कप होता, निळ्या काठाचा, आईकडून आणलेला. सकाळचा चहा ती त्याशिवाय प्यायची नाही. एकदा भाऊजींनी तो टिचकी मारून ऐकला. आवाज बद्द आला. कान जुळतो तिथे केसाएवढी चीर होती. त्यांनी फुली मारली, आणि संध्याकाळी, नियमाप्रमाणे, कप फोडला. गरम चहा अंगावर सांडला असता म्हणाले. काळजीपोटीच केलं त्यांनी, हे मी शपथेवर सांगेन, आणि तरीही त्या दिवशी मला त्यांना जिन्यावरून ढकलून द्यावंसं वाटलं होतं.

ताईने तुकडे गोळा केले, जमीन पुसली. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाली, "मी लेकीकडे जाऊन राहते. पुढच्या महिन्यात, पाचव्या रविवारी." लेक दूरच्या गावी नोकरीला, एकटीच राहते. तिने बोलावलं नव्हतं. "किती दिवस?" भाऊजींनी विचारलं. ताई म्हणाली, "बघू." तिकीट काढलं ते फक्त जायचं, परतीचं नाही. आणि ऐन उन्हाळ्यात तिने माळ्यावरून लोकरीचे कपडे काढून बॅगेत भरले. हे मी पाहिलं, भाऊजींनीही पाहिलं. आयुष्य गेलं तपासणीत, लोकरीचा स्वेटर त्यांच्या नजरेतून कसा सुटेल?

ते माझ्याकडे आले, मी त्यांची बाजू घेईन अशा खात्रीने. "अरे, मी तिला एवढंच म्हणालो, की चौतीस वर्षांत तुझ्यावर कधी फुली मारली का मी? तर म्हणते, बरोबरची खूण तरी कधी केलीत?" ते खरोखर गोंधळले होते. "चांगल्या मालावर काही लिहायचं नसतं, हे तिला माहीत नाही का?"

मी म्हणालो, "भाऊजी, ती वॉशबेसिन नाही."

"ते मला कळतं," ते रागावून म्हणाले. पण मला शंका आहे.

त्यांना घराबाहेर काढावं, निदान ताईला बॅग तरी शांतपणे भरता यावी, म्हणून मी त्यांना चामड्याच्या कामाच्या वर्गाचं सुचवलं. त्या वर्गाची पाटी मीच रंगवली होती: 'चार रविवारांत स्वतःच्या हाताने नक्षीची पिशवी'. भाऊजी गेले ते माझी पाटी तपासायला. आत डोकावले, आणि परत आले ते चामड्याचा तुकडा, एक सुरी आणि सात ठसे घेऊन. वर्ग घेणाऱ्या बाई त्यांच्या लेकीहून लहान. भाऊजी मला म्हणाले, "तुझ्या ताईसाठी पिशवी करतोय. खांद्याला लावायची. जाण्याआधी द्यायची. तिला सांगू नकोस." सांगायची गरज नव्हती. त्याच संध्याकाळपासून जेवणाच्या टेबलावर ठकठक सुरू झाली, ती तीन घरांना ऐकू यायची. ताई आतल्या खोलीत बसून काहीच माहीत नसल्याचं सोंग करायची, आणि ते तिला चांगलं जमायचं, कारण चौतीस वर्षांचा सराव.

काम असं. चामडं ओलसर करायचं, त्यावर सुरीने नक्षीची रेघ कापायची, मग रेघेच्या कडेने ठसे ठोकायचे म्हणजे कडा दबते आणि पान वर उठून दिसतं. भाऊजींनी पिशवीच्या झाकणावर पानांची वेल घेतली होती. नवशिक्याने एक पान घ्यावं असं बाईंचं म्हणणं. भाऊजींनी सव्वीस घेतली.

खरं सांगायचं तर मला वाटलं होतं, पहिल्याच दिवशी हे स्वतःचं काम फोडून टाकतील. दुसऱ्याच्या चुका शोधणं आणि स्वतःच्या हाताने पान उठवणं यात काय फरक आहे, ते सुरी पहिल्यांदा घसरली तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. कान लाल झाले. पण त्यांनी फोडलं नाही. त्यांनी खिशात हात घातला आणि जिथे सुरी घसरली होती तिथे फुली मारली.

लाल नाही हं. लाल रंग चामड्यात उतरेल म्हणून त्यांनी मुद्दाम पांढरा मेणखडू विकत आणला होता. केवढा विचार! जिथे जिथे चूक दिसेल तिथे बारीकशी पांढरी फुली, म्हणजे नंतर परत येऊन ती जागा सुधारता येईल. सुधारली की मऊ फडक्याने फुली पुसायची. बाईंनी वर्गात दहादा बजावलं होतं, की रंग द्यायच्या आधी चामड्याला दुसरं काही लावू नका, हात धुऊन बसा, बोटाचं तेलसुद्धा लागता कामा नये, तिथे रंग धरत नाही. भाऊजी दिवसातून आठ वेळा हात धुवायचे. मेणखडू म्हणजे 'दुसरं काही' हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. तो त्यांच्या हाताचाच भाग होता.

आणि गंमत अशी, की कारखान्यात बेसिनवर चकाकीचा लेप चढवायच्या आधी बुडाला मेणच लावतात. मेण असलं की तिथे लेप चिकटत नाही, आणि भांडं भट्टीतल्या फळीला धरून बसत नाही. हे मला कुणी सांगितलं? भाऊजींनीच. जेवताना. किमान चाळीस वेळा.

ताई जायच्या आधीचा बुधवार. मी वर गेलो तेव्हा ठोकाठोकी संपली होती आणि भाऊजी फुल्या पुसत होते. एकेका जागेवर फडकं फिरवायचे, चामडं उजेडात तिरकं धरून बघायचे. मी पाट्या रंगवणारा माणूस. लाकडावर मेणबत्ती घासली की त्यावर रंग बसत नाही, वर वर कितीही पुसा, हे आमच्या धंद्यात पहिल्या आठवड्यात कळतं. मला सगळं दिसलं. अजून दोन दिवस होते, काहीतरी करता आलं असतं, निदान बाईंना विचारता आलं असतं. शब्द अगदी ओठावर आले.

तेवढ्यात माझी नजर फळीवर गेली. ताईच्या कपाची जागा रिकामी होती. तिथे दुसरा कप कुणी ठेवला नव्हता.

"कसं वाटतंय?" भाऊजींनी विचारलं. माझं मत त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा विचारलं होतं. पाटीच्या तिसऱ्या अक्षराबद्दलसुद्धा विचारलं नव्हतं, थेट निकाल दिला होता.

मी म्हणालो, "चांगल्या मालाबद्दल काय बोलायचं?"

ते इतके खूश झाले, की त्यांनी मला स्वतः चहा करून दिला. तो मी प्यायलो. मला वाटलं, एकदा तरी यांना कळू दे आपल्यावर फुली पडली की कसं वाटतं. त्या पिशवीवर माझ्या बहिणीचं जाणं-येणं टांगलेलं आहे, हे मला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं. पण तीस वर्षांचा राग असा हाताशी आला की माणूस हिशेबात कच्चा होतो.

शुक्रवारी दुपारी रंग. टेबलावर जुनी वर्तमानपत्रं, भाऊजींच्या हातात रबरी मोजे, वाटीत फिकट तपकिरी रंग, बोटांत लोकरीचा बोळा. बाईंनी कागदावर पायऱ्या लिहून दिल्या होत्या. बोळा गोल गोल फिरवत पातळ हात द्यायचा, थांबायचं, पुन्हा द्यायचा. गडद करता येतं, फिकट करता येत नाही. मी मुद्दाम हजर होतो. नाटकाला तिकीट काढल्यासारखा खुर्ची ओढून बसलो होतो.

पहिल्या हाताला काही कळलं नाही. चामडं ओलं, सगळंच चकचकीत. मग ते सुकायला लागलं, आणि डाव्या कोपऱ्यात एक फुली उमटली. फिकट, नीट, चारही टोकं शाबूत. तिच्या शेजारी दुसरी. मग वेलीच्या मधोमध तीन एकदम.

भाऊजींनी चष्मा पुसला. रंग कमी पडला असेल म्हणून दुसरा हात दिला. चामडं गडद झालं आणि फुल्या आणखी उठून दिसल्या. त्यांनी तिसरा दिला. मग पायऱ्यांप्रमाणे पानांच्या कडेने बारीक कुंचल्याने गडद छटा भरली, म्हणजे पानं वर आल्यासारखी दिसतात. दिसलीही. खरंच सुरेख दिसली. वर पातळ संरक्षक हात, त्यावर जवळजवळ काळा लेप, खाचांमध्ये बसेल असा चोळून, वरचा पुसून. एकही पायरी त्यांनी सोडली नाही. पुढच्या पायरीत कदाचित बुजेल अशी आशा असणार. शेवटी जुन्या, मुरलेल्या चामड्यासारखी देखणी वेल तयार झाली, आणि तिच्यावर तेवीस फुल्या. मी मोजल्या नाहीत. त्यांनी मोजल्या.

त्यांनी बाईंना फोन लावला. पलीकडचा आवाज मला ऐकू येत होता. "मेण? काका, मेण कुठून आलं?" भाऊजींनी सांगितलं. मग बाई म्हणाल्या, "आता नाही निघणार, काका. असं कुणी केलेलं मी अजून पाहिलं नाही."

भाऊजींनी फोन ठेवला. मोजे काढले, घडी करून ठेवले. आणि चामडं कापायची मोठी कात्री उचलली.

मला हसू यायला हवं होतं. त्यासाठीच तर बसलो होतो. पण कात्रीचं टोक चामड्याच्या कडेला लागलं आणि मी खुर्चीवरून उठलो. मी म्हणालो, "भाऊजी, थांबा," आणि माझा आवाज मलाच खोटा वाटला.

"नापास आहे," ते म्हणाले. "फुली पडलेला माल बाहेर जात नाही."

ताई दारात उभी होती. केव्हा आली कोण जाणे. ती सरळ टेबलापाशी आली आणि तिने चामड्यावर हात ठेवला, पंजा पसरून. आता कापायचं तर बोटं कापावी लागली असती.

"ही कशाची?" तिने एका फुलीवर बोट ठेवलं.

भाऊजींनी कात्री तशीच हातात धरली.

"सांगा की. फुली तुमची आहे ना? मग कशाची?"

"सुरी घसरली तिथे," ते म्हणाले.

"आणि ही?"

"ठसा दोनदा पडला. हात हलला."

"ही?"

"पानाची शीर वाकडी गेलीय."

तेवीसच्या तेवीस तिने विचारल्या. तेवीसच्या तेवीस त्यांनी सांगितल्या, खाली बघून, अचूक, एकीचंही कारण न विसरता. इथे घाई केली. इथे चामडं फार ओलं होतं. इथे मी तुझ्या बॅगेचा आवाज ऐकत होतो, लक्ष नव्हतं. ही शेवटची ऐकली तेव्हा मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. तेवीस जागांची मला माहिती नव्हती, पण चोविसावी चूक कुठे बसलीय, ते मला एकट्यालाच माहीत होतं.

मग ताईने कोपऱ्यातल्या एका पानावर बोट ठेवलं. तिथे फुली नव्हती. "आणि इथं?"

"तिथं काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

भाऊजींनी कात्री खाली ठेवली. "तिथं चांगलं झालंय."

"काय?"

"चांगलं झालंय," ते जरा मोठ्याने म्हणाले. शब्द तोंडात नवा होता, नीट बसला नाही.

"बरं," ताई म्हणाली. "चौतीस वर्षांनी हा शब्द या घरात ऐकला, तो एका पानाबद्दल. असो. उद्या पट्टा शिवून द्या. मला परवा निघायचंय."

म्हणजे जाणं रद्द झालं नाही. ताई काही सिनेमातली बाई नाही. शनिवारी भाऊजींनी दिवसभर बसून पट्टा शिवला, मेणाच्या दोऱ्याने, प्रत्येक टाका दुहेरी. रविवारी आम्ही दोघं तिला बसवर सोडायला गेलो. खांद्याला तेवीस फुल्यांची पिशवी. बस सुटायच्या आधी तिने भाऊजींच्या खिशात दोन बोटं घातली, पांढरा मेणखडू काढला आणि पिशवीत टाकला. "हा माझ्याकडे राहू दे," म्हणाली. कधी येणार ते म्हणाली नाही, आणि विचारायची आमची छाती झाली नाही.

पंधरा दिवस मी कळ काढली. मग एका सकाळी, भाऊजी स्वतःचा कप विसळत असताना, सांगून टाकलं. मला माहीत होतं, मेणावर रंग धरणार नाही.

त्यांनी नळ बंद केला. "कधी कळलं?"

"बुधवारी."

"बुधवारी मी तुला विचारलं होतं."

"हो."

ते समोर येऊन बसले. आता शिव्या देतील असं वाटलं, दिल्या असत्या तर बरं झालं असतं. खिशाकडे हात गेला, खिसा रिकामा होता. मग त्यांनी टेबलावर सांडलेल्या चहात बोट बुडवलं आणि माझ्यासमोर एक फुली काढली. व्यवस्थित, चारही टोकं सारखी. आम्ही दोघं ती वाळेपर्यंत बसून राहिलो. मग ते म्हणाले, "पाटीचं तिसरं अक्षर नीट कर आता," आणि उठले.

मी केलं. खरंच झुकलं होतं.

तिसऱ्या महिन्यात ताईचा फोन आला. लोकरीच्या कपड्यांचे दिवस अजून लांब होते. तिकडे पिशवीचं कौतुक झालं होतं. फुल्या ही नक्षीच समजतात लोक, लेकीच्या मैत्रिणीला तशीच हवी आहे, वगैरे. मग ती म्हणाली, "पट्ट्याची शिवण उसवलीय. इथे एक शिवणारा आहे, त्याच्याकडून करून घेऊ का?"

"कुणाला हात लावू देऊ नकोस," भाऊजी जवळजवळ ओरडले. "घेऊन ये."

"शिवणीसाठी एवढ्या लांब?"

"हो."

"बरं," ताई म्हणाली.

ती आली त्या दिवशी मी बॅग वर चढवून दिली आणि तिथेच रेंगाळलो. ताईने पिशवी टेबलावर ठेवली आणि खिडकीपाशी जाऊन बाहेर बघत उभी राहिली. भाऊजींनी चष्मा लावला. पट्टा हातात घेतला आणि टाक्यामागून टाका बोटाने चाचपत निघाले, या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग परत. मी त्यांच्या मागेच उभा होतो. शिवण दगडासारखी पक्की होती. एक टाकासुद्धा हललेला नव्हता. त्या पट्ट्याला बैल बांधला असता तरी तुटला नसता.

एकतीस वर्षांत या माणसाने वाईट माल कधी पास केला नाही आणि चांगला कधी नापास केला नाही. साहेबाच्या मेव्हण्याने मागितलं तरी नाही. हे सगळा कारखाना सांगेल.

"उसवलीय," भाऊजी म्हणाले. "बरीच उसवलीय. वेळ लागेल."

"किती?" ताईने खिडकीकडे बघतच विचारलं.

"ते आत्ता सांगता येत नाही."

ताई वळली. पिशवी उघडून तिने तळातून पांढरा मेणखडू काढला आणि त्यांच्यासमोर ठेवला. "मग खूण करून ठेवा," ती म्हणाली, "कुठे उसवलीय ती. नाहीतर विसराल."

भाऊजींनी मेणखडू उचलला. पट्ट्याकडे बघितलं, ताईकडे बघितलं, मग मेणखडू खिशात ठेवून खिशाचं बटण लावलं.

"राहील माझ्या लक्षात," ते म्हणाले.